जर्मनच्या सरावासाठी साधा प्रोग्रॅम: तयार घ्यावा की स्वतः लिहावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी विचारतोय: "ताई, जर्मनची ए-वन परीक्षा झाली, आता पुढच्या पातळीची ए-टू द्यायची आहे. ॲपवर रोजची स्ट्रीक चालू आहे पण क्लासमध्ये सरांनी काही विचारलं की शब्द तोंडात येत नाही. थोडंफार पायथन येतं. एखादा साधा प्रोग्रॅम सांगा नाहीतर स्वतः कसा लिहायचा ते सांगा. धाकट्या बहिणीने जपानी सुरू केलंय, तिच्याही कामाचं काही असेल तर बरं होईल."

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि शिकवता शिकवता मुलांसाठी असले छोटे छोटे प्रोग्रॅम लिहित आलेय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते, वाचायला वेळ लागेल पण एकदा वाच.

आधी सरळ उत्तर. शब्दांसाठी अंकी (कार्डांवरून शब्द विचारणारा तयार प्रोग्रॅम) घे, आजच इन्स्टॉल कर, त्यात वेळ घालवू नकोस. आणि त्याच्या जोडीला दोन-तीन अगदी छोटे प्रोग्रॅम स्वतः लिही, वीस-तीस ओळींचे, जे तयार ॲपमध्ये मिळत नाहीत आणि मराठी माणसाला नेमके जिथे अडतं तिथे उपयोगी पडतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट कायम ठेव, प्रोग्रॅमने उत्तर तुझ्याकडून काढून घेतलं पाहिजे, तुझ्यासमोर मांडून ठेवता कामा नये. आणि त्यात जे शब्द जातील ते तू स्वतः, मराठीतून भरलेले पाहिजेत.

आता "शब्द तोंडात येत नाही" हे का होतं ते बघ. ॲपमध्ये बहुतेक वेळा खाली चार पर्याय असतात किंवा शब्दांच्या पट्ट्या असतात, त्यातून उचलून लावायचं. यात तू शब्द ओळखतोस, आठवत नाहीस. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ज्याचा सराव कराल तेच पक्कं होतं. २००८ साली कार्पिक आणि रोडिगर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग सायन्स या नियतकालिकात आला होता, त्यात विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. एका गटाला प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा विचारत राहिले, म्हणजे आधी बरोबर आलेला शब्दसुद्धा. दुसऱ्या गटाला एकदा बरोबर आलेला शब्द नंतर फक्त वाचायला दिला, विचारला नाही. त्या दिवशी दोन्ही गटांना सगळे शब्द येत होते. आठवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा पहिल्या गटाला साधारण ८० टक्के आठवले आणि दुसऱ्याला ३५ टक्क्यांच्या आसपास. यादी वाचत बसणारी मुलं परीक्षेत का अडतात याचं उत्तर यातच आहे. आणि गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-टू परीक्षेत श्रायबनच्या, म्हणजे लेखनाच्या भागात तुला एक मेसेज आणि एक ईमेल स्वतः लिहायचा असतो, तिथे पर्याय कोणी देत नाही.

म्हणून पहिला नियम, उत्तर टाईप करायचं. पूर्ण शब्द, आर्टिकलसकट, म्हणजे नामाआधी त्याचं लिंग दाखवणारं डेर (तो), डी (ती) किंवा डास (ते) धरून. कंटाळवाणं वाटतं सुरुवातीला, पण हाच खरा सराव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठला शब्द कधी विचारायचा. याच्यासाठी फार डोकं चालवायची गरज नाही, जर्मनीतल्याच सेबास्टियान लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ मध्ये कागदी कार्डांसाठी एक पद्धत लोकांसमोर मांडली, पाच कप्प्यांची पेटी. नवीन शब्द पहिल्या कप्प्यात. बरोबर आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की कितीही पुढे असला तरी परत पहिल्या कप्प्यात. पुढचा कप्पा उशिरा उघडायचा. बस. अंकीऐवजी याचा स्वतःचा प्रोग्रॅम करायचा तर एक एक्सेलची फाईल पुरते: मराठी, जर्मन, कप्पा क्रमांक, पुढची तारीख. प्रोग्रॅम उघडल्यावर ज्यांची तारीख आज किंवा त्याआधीची आहे ते शब्द घ्यायचे, त्यांचा क्रम उलटसुलट करायचा, एकेक विचारायचा, उत्तरानुसार कप्पा आणि तारीख बदलायची, फाईल सेव्ह. मी कप्प्यांचे दिवस १, २, ४, ८, १६ असे ठेवते, तुला हवे तर बदल.

पुढे १९८७ मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने सुपरमेमो नावाच्या प्रोग्रॅमसाठी हेच काम गणिताने केलं, पहिल्यांदा १ दिवसाने, मग ६ दिवसांनी, आणि त्यानंतर दरवेळी आधीच्या अंतराला एका आकड्याने गुणायचं, तो आकडा २.५ पासून सुरू होतो आणि शब्द तुला जड जात असेल तर कमी होत जातो. २००६ मध्ये आलेल्या अंकीने सुरुवातीला त्याच्यावरच आपली पद्धत बसवली आणि २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आहे, सेटिंगमधून चालू करता येते. हे सगळं स्वतः लिहायचा मोह होतो, विशेषतः इंजिनिअरिंगच्या मुलांना, आणि मग महिनाभर अल्गोरिदम चालतो आणि जर्मन बाजूलाच राहतं. तसं करू नकोस. स्वतः लिहायचंच तर हजार-दीड हजार शब्दांना लाइटनरचे पाच कप्पे भरपूर झाले, त्याहून जास्त लागलं तर अंकी आहेच.

रोज किती शब्द घ्यायचे याचा हिशोब मात्र आधी कर कारण इथे बहुतेक जण फसतात. गोएथेची ए-वनची शब्दयादी साधारण ६५० शब्दांची आहे आणि ए-टूची १३०० च्या आसपास, म्हणजे तुला अजून साधारण ६५० लागतील. रोज १० नवीन घेतले तर ६५ दिवस. पण पाच कप्पे म्हणजे प्रत्येक शब्द कमीत कमी पाच वेळा परत येणार, म्हणजे काही दिवसांनी गाडी रुळावर आली की रोज १० नवीन आणि साधारण ५० जुने, वर चुकलेले परत येणारे वेगळे. टाईप करून हे वीस-पंचवीस मिनिटांत होतं. आता उत्साहात रोज ३० घेतले तर त्याच हिशोबाने रोज दीडशे जुने परत येतात, चुकलेले धरून त्याहूनही जास्त, आणि सबमिशन किंवा घरी गणपती असं काही आलं आणि चार दिवस चुकले की सहाशे शब्द वाट बघत उभे. तिथेच मुलं सोडून देतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये दोन ओळी जास्त घाल: दिवसाला जास्तीत जास्त ८० शब्द विचारायचे, आणि मागचे साचलेले असतील तर नवीन शब्द त्या दिवशी बंद. साचलेल्यातही आधी खालच्या कप्प्यातले घ्यायचे, कारण तेच जास्त लवकर विसरतात. अंकीमध्येही रोजच्या नवीन कार्डांची मर्यादा डीफॉल्ट २० असते, ती १० कर.

आता उत्तर तपासण्याचा भाग, आणि इथे मला थोडं थांबून सांगायचंय कारण जर्मनचा प्रोग्रॅम बिघडतो तो नेहमी इथेच.

पहिलं फाईलचं. एक्सेलमधून सीएसव्ही (पायथनला वाचता येणारी साधी फाईल) करताना यूटीएफ-८ वाला पर्याय घ्यायचा, नाहीतर मराठीची प्रश्नचिन्हं होतात. पण एक्सेल त्या फाईलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह टाकतं. फाईलच्या पहिल्या ओळीतला पहिलाच रकाना जर्मन असेल आणि वर शीर्षकाची ओळ नसेल तर तो पहिला शब्द काही केल्या बरोबर येत नाही, स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, प्रोग्रॅम म्हणतो चूक. शीर्षकाची ओळ असेल तर त्या पहिल्या रकान्याचं नावच सापडत नाही म्हणून एरर येतो. उपाय सोपा आहे, फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८-सिग असं द्यायचं, म्हणजे ते चिन्ह पायथन स्वतः काढून टाकतं. आणि एन्कोडिंग नेहमी लिहायचंच, विंडोजवर न लिहिता उघडली की पायथन बऱ्याचदा दुसरंच काहीतरी गृहीत धरतं.

दुसरं टिंबांचं. जर्मन अक्षरांवरची दोन टिंबं, उमलाउट, संगणकात दोन तऱ्हेने साठवता येतात. एक म्हणजे टिंबांसकट एकच अक्षर, दुसरं म्हणजे साधं अक्षर आणि त्याच्यामागे टिंबांचं वेगळं चिन्ह. दिसायला तंतोतंत सारखं, तुलना केली की वेगळं. काही पीडीएफमधून किंवा वेबसाईटवरून शब्द कॉपी केला की दुसऱ्या प्रकारचं येतं आणि तू कीबोर्डवरून पहिल्या प्रकारचं टाईप करतोस. पायथनमध्ये युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आहे, त्यातलं नॉर्मलाईझ फंक्शन वापरून यादीतला शब्द आणि टाईप केलेला शब्द दोन्ही एनएफसीमध्ये, म्हणजे टिंबांसकट एकच अक्षर या पहिल्या प्रकारात आणायचे आणि मगच तुलना करायची. एका ओळीचं काम आहे.

आता टिंबं टाईप कशी करायची? विंडोजमध्ये जर्मन कीबोर्ड लावता येतो पण त्यात वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, सुरुवातीला वैताग येतो. यूएस इंटरनॅशनल कीबोर्ड लावला तर डबल कोटचं चिन्ह दाबून मग स्वर दाबला की टिंबं येतात, मला तोच सोपा वाटतो. अगदीच नको असेल तर जर्मन लोक स्वतः वापरतात ती सोय प्रोग्रॅममध्ये चालवून घे, म्हणजे टिंबांच्या ऐवजी त्या स्वरामागे ई जोडायचा, आणि एसझेट या जर्मनमधल्या खास अक्षराच्या जागी दोन एस. हे चालवून घ्यायला हरकत नाही. पण एक अजिबात करू नकोस, टिंबं नुसती गाळून टाकली तरी बरोबर असं. बरेच तयार प्रोग्रॅम असं करतात, सोय म्हणून. जर्मनमध्ये शोन म्हणजे "आधीच, झालंसुद्धा", त्याच ओ वर दोन टिंबं दिली की श्योन, म्हणजे "छान, सुंदर". मुटर म्हणजे आई, यू वर टिंबं आली की अनेकवचन. टिंबं गाळून बरोबर धरणारा प्रोग्रॅम तुला महिनोन्महिने चुकीचं शिकवत राहील आणि वर शाबासकी देईल.

तिसरं म्हणजे स्पेलिंगची छोटी चूक. एखादं अक्षर चुकलं म्हणून शब्द पहिल्या कप्प्यात टाकणं अन्याय आहे, ते मान्य. त्यासाठी लेव्हेनश्टाइन अंतर नावाचा प्रकार असतो, एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. अंतर १ असेल तर प्रोग्रॅमने "जवळ आलास, परत लिही" म्हणायचं, कप्पा पुढेही नाही आणि मागेही नाही. पण आर्टिकल आधी वेगळं काढ आणि त्याची तुलना अगदी काटेकोर ठेव, कारण डेर आणि डेन यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे आणि तो फरक टायपिंगचा नाही, विभक्तीचा आहे, तिथेच तर व्याकरण बसलंय. टिंबांच्या बाबतीतही तेच, शोन आणि श्योन मध्येही एकाच अक्षराचं अंतर. म्हणजे क्रम असा: आधी आर्टिकल, मग टिंबं सोडून बाकी अक्षरांत एखादी चूक असेल तर माफी. नामांचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं हेही काटेकोर ठेव, सवय लागते, आणि श्रायबनमध्ये ती सवय कामाला येते.

आता कार्डावर काय लिहायचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, हजारो मिळतात पण ते बहुतेक इंग्रजीतून आहेत आणि इंग्रजीत जे भेद नाहीत ते त्या कार्डांमध्ये हरवतात. इंग्रजी कार्डावर "यू कम" लिहिलं असेल तर त्याची जर्मनमध्ये तीन उत्तरं आहेत आणि तुला कुठलं हवंय ते कळतच नाही. मराठीत लिही: "तू येतोस", "तुम्ही सगळे येता", "आपण येता (साहेबांना)". झालं, डू, ईअर आणि झी तिन्ही वेगळे झाले. तसंच ओळखणे आणि माहीत असणे. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद आणि तिथून शिकणारी मुलं वर्षभर केनन आणि विसन यांच्यात गोंधळतात. मराठीत "मी त्याला ओळखतो" आणि "मला ते माहीत आहे" हे आपण कधीच उलटसुलट करत नाही, मग त्या इंग्रजीच्या वळणाने जायचंच कशाला? आपल्याकडे इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा घरी मराठीच बोलतात, कार्डं मराठीत करायला कोणाला जड जात नाही, फक्त सवय नसते.

लिंगाचंही असंच. आपल्याला तीन लिंगं जन्मापासून माहीत आहेत, तो ती ते, त्यामुळे टेबलाला लिंग असतं याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही, हा मोठाच फायदा. पण त्रास वेगळा आहे, मराठीतलं लिंग डोक्यात इतकं पक्कं असतं की ते जर्मनवर चढून बसतं. घर, पुस्तक, पाणी हे मराठीत नपुंसक आणि जर्मनमध्येही डास. चंद्र तो, जर्मनमध्येही डेर. हे फुकटात मिळाले. पण सूर्य तो आणि जर्मनमध्ये डी. दूध, दार, शहर, फूल हे चारही आपल्याकडे ते आणि तिकडे डी. रस्ता तो, श्ट्रासं मात्र डी. खुर्ची ती, श्टूल डेर. मुलगी ती, पण मेडशन डास. म्हणून हा प्रोग्रॅम तू स्वतः लिही, असा तयार कुठे मी पाहिलेला नाही: यादीत जर्मन आर्टिकलच्या शेजारी मराठी लिंगाचा एक रकाना ठेव, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत ते शब्द तिप्पट वेळा विचार. रँडममध्ये वजन देता येतं, पायथनच्या चॉइसेस फंक्शनला वेट्स दिले की झालं. जुळणाऱ्यांवर वेळ घालवायचा नाही. आणि ज्यांचं लिंग शेवटावरून कळतं, म्हणजे उंग, हाइट, काइट ने संपणारे डी आणि शन ने संपणारे डास, ते या यादीतून काढूनच टाक, तो नियम एकदा कळला की पुरे. इंग्रजी शब्दांना आपण मराठीत जे लिंग लावतो, ते टेबल, ती बॅग, त्यातही घराघरात फरक असतो, तिथे तुझ्या घरी जे म्हणतात तेच लिही, कारण अडथळा तुझ्या डोक्यातला काढायचाय.

वाक्यरचनेसाठी एक छोटा प्रोग्रॅम फार उपयोगी पडतो. वाक्य घ्यायचं, शब्द गोंधळून दाखवायचे, तू पूर्ण वाक्य बरोबर क्रमाने टाईप करायचं. यात दोन गोष्टी बघ. एक, पहिल्या शब्दाचं कॅपिटल अक्षर आणि शेवटचा पूर्णविराम आधी काढून टाक नाहीतर उत्तर तिथेच फुटतं. नामांचं कॅपिटल राहू दे. दोन, जर्मनमध्ये एकाच वाक्याचे दोन-तीन क्रम बरोबर असू शकतात, "आज मी सिनेमाला जातो" यात आज सुरुवातीला घेतला तरी चालतो आणि नंतर घेतला तरी, फक्त क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. म्हणून उत्तराच्या रकान्यात एकाहून जास्त वाक्यं उभ्या रेघेने वेगळी करून लिहायची सोय ठेव. मराठी मुलांना वाइल (कारण) आणि डास (इथे आर्टिकल नव्हे, "की") नंतर क्रियापद शेवटी टाकणं पटकन जमतं, मराठीत ते शेवटीच असतं. अडतं ते साध्या वाक्यात, दुसऱ्या जागेवर. तर यादीत साधी वाक्यंच जास्त ठेव, आणि सुटणारी क्रियापदं, म्हणजे आउफश्टेहन (उठणे) सारखी, जिथे अर्धं क्रियापद दुसऱ्या जागेवर आणि अर्धं पार टोकाला: इश श्टेहे उम झेक्स उअर आउफ (मी सहा वाजता उठतो). या एका प्रकाराची पन्नासेक वाक्यं टाईप करून झाली की ए-टूचं लिखाण बदललेलं दिसतं, हे मी दर बॅचला बघते.

आणि आता माझा सगळ्यात आवडता, आकड्यांचा. पंधरा ओळींचा प्रोग्रॅम आहे. २१ ते ९९ मधला कुठलाही आकडा निवडायचा, जर्मन आवाजात बोलून दाखवायचा, तू आकडा टाईप करायचा, बरोबर-चूक आणि किती सेकंद लागले ते दाखवायचं. आवाजासाठी ई-स्पीक फुकट आहे, यांत्रिक वाटतो पण चालतो, आणि वेबपेज करता येत असेल तर ब्राउझरमध्येच बोलायची सोय असते, तिथे भाषा जर्मन दिली की बऱ्यापैकी चांगला आवाज मिळतो. जर्मनमध्ये ४७ म्हणजे झीबन-उंट-फिअरत्सिश, आधी सात मग चाळीस. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांचं इथे हमखास ७४ होतं. आपलं सत्तेचाळीसही आधी सात आणि मग चाळीसच आहे ना! म्हणून मुलांना मी सांगते की आकडा मनात मराठीत ऐका, इंग्रजीत नको. एकोणतीस, एकोणचाळीस असे एकोणवाले तेवढे जुळत नाहीत, बाकी सगळा क्रम आपला आहे. फक्त आजची पिढी आकडे इंग्रजीतच म्हणते त्यामुळे एखाद्याला आधी मराठी आकडे घासूनपुसून घ्यावे लागतात, पण ते आठवड्यात होतं.

त्याच प्रोग्रॅमला पुढे किंमती आणि वेळा जोड. ह्योरनच्या, म्हणजे ऐकण्याच्या पेपरात हेच असतं, गाडी किती वाजता, दुकान कधी उघडतं, किंमत किती, फोन नंबर काय. वेळेत एक ठिकाणी आपणही अडतो, हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन, साडेचार नाही. फिअर ऐकलं की हात चारकडे जातो. तर अर्ध्या तासाच्या वेळा मुद्दाम जास्त विचारायला लाव. रोज पाच मिनिटं, बास.

बहिणीच्या जपानीबद्दल थोडक्यात. हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६ मूळ अक्षरं, यासाठी तू तिला अक्षर दाखवून उच्चार टाईप करायला लावणारा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहून देशील, आणि उच्चार देवनागरीत टाईप करू दे, आपल्या लिपीत का की कु के को सरळ बसतात. तिच्या फाईलसाठी एनएफसीऐवजी एनएफकेसी वापर, कारण जपानी कीबोर्डवरून रुंद आकडे आणि रुंद स्पेस येतात आणि तुलना फसते. कांजीसाठी मात्र स्वतः काही लिहायच्या भानगडीत पडू नका, रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारने ठरवलेल्याच २१३६ आहेत, तिथे अंकीच. शब्दकोशासाठी जिम ब्रीन यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेला जेएमडिक्ट फुकट आहे. आणि वाक्यं मराठीतूनच लिहू दे तिला: वाताशी वा होन ओ योमिमास, मी पुस्तक वाचते, कर्ता कर्म क्रियापद जसंच्या तसं, आणि वा, ओ, नी हे आपल्या प्रत्ययांसारखे शब्दामागे लागतात. इंग्रजीतून गेलं की तेच वाक्य उगाच उलटं करून समजून घ्यावं लागतं.

उदाहरणाची वाक्यं कुठून आणायची असं पुढे विचारशील म्हणून सांगते, टाटोएबा नावाचा वाक्यांचा संग्रह आहे, लोकांनीच भरलेला, जर्मन आणि जपानी दोन्ही भरपूर, पूर्ण फाईल डाउनलोड होते आणि मधे टॅब असल्यामुळे पायथनला वाचायला सोपी. पण लोकांनी भरलेला आहे म्हणजे कधी कधी विचित्र वाक्यंही असतात, त्यामुळे तुझ्या पुस्तकातली वाक्यं आधी, आणि टाटोएबामधून घेतलेली एकदा क्लासच्या सरांना दाखवून मग यादीत. अंकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात, तिथे नको असेल तर ब्राउझरमधून अंकीवेब वापरता येतं. तुझी सीएसव्ही फाईल अंकीत सरळ इम्पोर्ट होते, त्यामुळे यादी एकच ठेव, दोन ठिकाणी दोन नको. अंकीत टाईप करून उत्तर द्यायचं कार्ड वेगळं निवडावं लागतं, बेसिकच्या यादीतच "टाईप इन द आन्सर" असा प्रकार आहे, तो घे.

ॲपवरची स्ट्रीक मोडू नकोस, रोज जर्मन कानावर पडतं तेवढं चांगलंच आहे. फक्त त्याला अभ्यास धरू नकोस, तो वेळ यात मोजायचा नाही. आणि बोलणं कुठल्याही साध्या प्रोग्रॅमने येत नाही, त्यासाठी समोर माणूस पाहिजे, तुझ्याच बॅचमधल्या एकाला धर आणि आठवड्यातून दोनदा फोनवर फक्त जर्मनमध्ये दहा मिनिटं बोला, ततपप झालं तरी चालेल. ईमेलही आठवड्याला एक लिहून सरांकडून तपासून घे, आणि त्यात जे शब्द चुकले ते त्याच रात्री यादीत घाल. यादीत भर घालायची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे, कारण तो शब्द तुला हवा होता आणि आला नाही हे तुला आठवत असतं.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी नवीन शब्द पूर्ण बंद कर, प्रोग्रॅममध्ये नवीनची मर्यादा शून्य. त्या दिवसांत फक्त जुने कप्पे, आकडे-वेळांचा प्रोग्रॅम आणि जुने पेपर. फाईलची एक कॉपी रोज तारखेच्या नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये पडेल अशी एक ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच टाक, सेव्ह होताना लाईट गेली की अर्धीच फाईल लिहिली जाते आणि दोन महिन्यांचे कप्पे जातात.